तीन बोटं

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाल्या.

"उघडलंय," मी म्हणालो.

त्यांनी हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मी अक्कलदाढ दुखते म्हणून गेलो होतो. शनिवारची सकाळ, वाकडमधला दवाखाना, बाहेर चार जण बसलेले. दाढ काढायची, गोळ्या घ्यायच्या आणि दुपारी झोप काढायची, एवढाच बेत होता.

"अजून उघडा."

"एवढंच उघडतं."

"कधीपासून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपलं तोंड किती उघडतं हे कोण मोजत बसतं? त्यांनी मला तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवायला सांगितली. ती तिन्ही बोटं एकाखाली एक येतील अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघायची. वाचता वाचता तुम्हीही करून बघा. स्वतःचीच बोटं, स्वतःचंच तोंड. निरोगी तोंडात साधारणपणे ती जातात. माझी दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. मी हसत हसत जोर लावला, तर गालाच्या आत एखादी दोरी ताणल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी पट्टीने मोजलं. 27 मिलिमीटर. मग हातमोजा घातलेलं बोट गालाच्या आतून फिरवलं आणि विचारलं, "गुटखा, मावा की खर्रा?"

"खर्रा."

"विदर्भातले का?"

"हिंगणघाट."

"किती वर्षं?"

"नऊ."

हा आकडा मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारत होतो.

*

विदर्भाबाहेरच्या लोकांना खर्रा समजावून सांगावा लागतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, एवढंच साहित्य. पानठेल्यावर जाड प्लास्टिकच्या पन्नीत हे घ्यायचं, थोडं पाणी मारायचं, पन्नी गुंडाळायची आणि फळीवर घासत राहायचं. याला आमच्याकडे घोटणं म्हणतात. चुना आणि तंबाखू सुपारीत मुरेपर्यंत ठेलेवाला घोटत राहतो आणि तोवर तुम्ही तिथे उभे राहता. खर्रा खाण्यातला निम्मा भाग हे उभं राहणं असतो. गावात कोण आलं, कोणाचं लग्न ठरलं, कापसाला काय भाव मिळाला, सगळं तिथेच कळतं.

2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे मावा आणि खर्राही बंदीत आले. पण गुटखा कारखान्यात बनतो आणि खर्रा तुमच्या डोळ्यांसमोर बनतो. ज्याला फळी, पन्नी आणि दोन हात पुरतात, त्याला कुलूप कुठे लावणार?

मी सुरुवात केली ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नागपुरात. कोणी जबरदस्ती केली नाही. हॉस्टेलच्या गेटसमोर ठेला होता आणि रात्री जेवण झालं की आमच्या विंगमधली पोरं तिथे जायची. मी गावातून आलेला, इंग्रजीला घाबरणारा, वर्गात नाव पुकारलं तर 'प्रेझेंट' म्हणतानाही घशात अडकणारा. ठेल्यावर मात्र काही बोलावं लागायचं नाही. एक पन्नी चौघांत फिरायची. "घे बे," एवढंच निमंत्रण आणि हात पुढे करणं एवढंच उत्तर. पहिल्यांदा डोकं गरगरलं, उलटी झाली. दुसऱ्या आठवड्यात झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःचे पैसे काढले, तेव्हा सगळे मला आडनावाऐवजी टोपणनावाने हाक मारायला लागले होते.

आज हे आठवताना मला राग येत नाही. त्या पोरांनी मला सामावून घेतलं होतं, हे खरंच आहे. वाईट सवयींबद्दल बोलताना आपण हा भाग गाळतो. सवय पहिल्या दिवशी शत्रू म्हणून येत नाही. आपल्याला ज्याची गरज असते असं काहीतरी ती बरोबर घेऊन येते.

*

डॉक्टरांनी त्या दिवशी दाढ काढलीच नाही. तोंड तेवढं उघडतच नव्हतं. त्यांनी मला दुसरंच समजावून सांगितलं. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू साचत जातात, ते कडक होतात आणि गाल एखाद्या वाळलेल्या चामड्यासारखा होतो. 1952 साली एका डॉक्टरने केनियात राहणाऱ्या भारतीय बायकांमध्ये याची पहिली नोंद केली. यामागचं मुख्य कारण तंबाखू नसून सुपारी आहे, हे ऐकून मी चमकलो. आमच्याकडे तंबाखू न खाणारे लोकही 'साधी सुपारी' म्हणून दिवसभर चघळतात. लग्नात वाटतात, पूजेत मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलंय. माझ्या हातात इंजिनिअरिंगची पदवी होती, पण हे मला माहीत नव्हतं.

"हा कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण कॅन्सर होऊ शकतो अशी जागा तयार झालीय. आणि जे कडक झालंय ते पूर्ण पूर्ववत होत नाही. आपण आणखी वाढू नये एवढं बघू शकतो. त्यासाठी खर्रा बंद. कमी करतो वगैरे चालणार नाही. बंद."

घरी येताना एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गेली दोन वर्षं मला ठेचा सोसत नव्हता. सावजी रस्सा तोंडात घेतला की आग व्हायची. मी मित्रांना सांगायचो की पुण्यात राहून माझं तिखट उतरलं. सगळे हसायचे. पाणीपुरी मी अर्धी मोडून खायला लागलो होतो आणि पाणी अंगावर सांडतं म्हणून मग खाणंच सोडलं होतं. जांभई आली की हनुवटीला हात लावायचो. शरीर दोन वर्षं सांगत होतं. मी प्रत्येक वेळी त्यावर एक विनोद शोधून काढत होतो.

*

डॉक्टरांनी मला एक गृहपाठ दिला. लगेच सोडू नका, आधी एक आठवडा लिहून काढा, म्हणाल्या. प्रत्येक वेळी खर्रा तोंडात टाकला की किती वाजता, कुठे, सोबत कोण आणि त्याच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं.

मी फोनच्या नोट्समध्ये लिहायला सुरुवात केली. पहिल्या दोन दिवसांत खोटं लिहिलं. स्वतःच्याच फोनमध्ये, दुसरं कोणी वाचणार नाही हे माहीत असताना, मी आठच्या जागी पाच लिहिले. तिसऱ्या दिवशी हे लक्षात आलं तेव्हा एवढी लाज वाटली की पुढचं खरं लिहिलं आणि मागचंही दुरुस्त केलं.

आठवड्याच्या शेवटी 58 नोंदी झाल्या. मी त्या एक्सेलमध्ये टाकल्या, कारण नोकरीच ती आहे. 12 वेळा जेवण किंवा चहा झाल्यावर. 10 वेळा ठेल्यावर कोणाच्या तरी सोबत. 13 वेळा एक काम संपलं आणि दुसरं सुरू करायचं जिवावर आलं तेव्हा. खरोखर तलफ आली, हात थरथरले, डोकं चढलं म्हणून, तर फक्त 6 वेळा, आणि त्यातल्या बहुतेक सकाळी उठल्या उठल्या.

उरल्या 17. या 17 नोंदींसमोर मी जे लिहिलं होतं ते एकाखाली एक असं होतं: मीटिंगआधी. मॅनेजरचा कॉल येणार होता. मीटिंगआधी. घरमालकाशी भाड्याचं बोलायचं होतं. बाबांचा फोन. मीटिंगआधी. बाबांचा फोन. मैत्रिणीला उत्तर द्यायचं होतं. बाबांचा फोन.

म्हणजे सतरा वेळा मी खर्रा खाल्ला तो बोलायची वेळ आली होती म्हणून.

मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसलो. तोंडात खर्रा असला की बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कोणी काही विचारलं तर आपण मान वर करून 'हूं' म्हणतो, बोटाने थांबण्याची खूण करतो आणि समोरचाही समजून घेतो. ऑफिसात कॅमेरा बंद, माईक म्यूट. बाबांचा फोन आला की "हो", "हं", "बरं". मी नऊ वर्षं खर्ऱ्याला व्यसन समजत होतो आणि तो माझ्यासाठी रजेचा अर्जही होता. न बोलण्याची परवानगी. वर्गात 'प्रेझेंट' म्हणताना अडकणाऱ्या पोराने त्यावर शोधलेला हा उपाय होता आणि खरं सांगायचं तर तो उपाय काम करत होता. फक्त त्याची किंमत अशी होती की बोलायचं टाळण्यासाठी भरलेलं तोंड हळूहळू कायमचंच मिटत चाललं होतं.

तोवर मी खर्रा चार वेळा सोडून बघितला होता. एक जानेवारी, वाढदिवस, आईची शपथ, एका मित्राच्या काकांचं ऑपरेशन. चारही वेळा मी फक्त खर्रा सोडला होता. तो माझं जे काम करत होता ते दुसऱ्या कोणाला दिलं नव्हतं. मग ते काम अडायचं आणि मी त्याला परत बोलवायचो.

*

पाचव्यांदा सोडला तो एका सोमवारी. डॉक्टरांनी दंडावर लावायचा निकोटिनचा पॅच दिला. निकोटिनचं च्युइंगगम चघळायचं असतं आणि माझ्या जबड्याला ते झेपलं नसतं. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची एक हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, फुकट. तिथेही फोन केला. पलीकडच्या माणसाने उपदेश केला नाही. सोडायची तारीख विचारली आणि त्यानंतर पुन्हा फोन करून कसं चाललंय तेही विचारलं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. निकोटिन शरीरातून लवकर उतरतं आणि त्याचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, हे मी वाचलं होतं. वाचल्याने त्रास कमी होत नाही. पण तो कशाचा आहे हे कळतं आणि ते कळल्याने मी रात्री दोन वाजता खाली ठेला शोधत गेलो नाही. पॅचमध्ये निकोटिन होतं, सुपारी नव्हती. सुपारीचीही वेगळी तलफ असते. अंगठा आपोआप तळहातावर फिरायचा, काहीतरी घोटल्यासारखा. मीटिंगमध्ये शेजारचीने विचारलं, "हाताला काही झालंय का?"

पुण्यात खर्ऱ्याचं एकच दार होतं. वाकडच्या एका गल्लीत वर्ध्याकडचा एक जण घोटून द्यायचा. मी ऑफिसचा रस्ता बदलला. दहा मिनिटं जास्त लागायची. तेवढ्याने बरंच भागलं. तिसऱ्या आठवड्यात पॅचची ताकद कमी केली, दोन महिन्यांत तो बंद झाला.

न बोलण्याचं काम कोणाला द्यायचं हा प्रश्न मात्र उरला. त्यावर मला काही मोठा उपाय सापडला नाही. मीटिंगआधी मी बोलायची तीन वाक्यं कागदावर लिहायला लागलो. सुरुवातीला वाचूनच दाखवायचो. आवाज कापायचा, एकदा मधेच थांबलो आणि दहा सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग मॅनेजर म्हणाला, "टेक युअर टाइम." ज्या दहा सेकंदांना घाबरून मी नऊ वर्षं गाल भरत होतो, ते दहा सेकंद असे होते. अप्रिय, पण जगता येण्यासारखे.

*

साडेचार महिने झाले आणि दिवाळी आली.

ट्रॅव्हल्समधून पहाटे हिंगणघाटला उतरलो. पाऊल खाली टेकलं तोच समोरच्या ठेल्यावरून घोटण्याचा आवाज आला. पन्नीचा फळीवर घासण्याचा तो खरखर आवाज. तोंडाला पाणी सुटलं. अक्षरशः. साडेचार महिन्यांत पुण्यात एकदाही असं झालं नव्हतं.

पाडव्याच्या संध्याकाळी जुने मित्र भेटले. "काऊन बे, पुणेकर झाला का?" एकाने पन्नी पुढे केली. मी एकदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा हात पुढे गेला. त्या आठ दिवसांत मी रोज खाल्ला.

व्हिएतनाम युद्धाच्या वेळची एक गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली. तिथे असताना बरेच अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते मायदेशी परतल्यावर काय होईल याची सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यातले फार थोडे लोक पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले आढळले. याची कारणं अनेक सांगतात. त्यातलं एक असं की ते जंगल, ती भीती, तो सोबती, तो वास, सगळं मागे राहिलं होतं. माझं उलटं झालं होतं. पुण्यात मी परदेशात होतो. हिंगणघाटला मी युद्धावर परतलो होतो.

पण त्या आठ दिवसांतलं सगळ्यात वाईट खर्रा नव्हता. पहिल्या घासानंतर मी स्वतःशी जे बोललो ते होतं. 'गेलं सगळं. तू तसलाच आहेस. आता खाल्लाच आहे तर खा.' पहिला घास मित्राने दिला होता. पुढचे सगळे या वाक्याने दिले. ॲलन मार्लेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व्यसन सोडणाऱ्यांच्या घसरण्याचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की एकदा पाय घसरणं आणि पूर्ण खाली कोसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या मधे बहुतेक वेळा आपलीच स्वतःबद्दलची निराशा उभी असते. 'एक खाल्ला' हे खरं होतं. 'सगळं गेलं' हे खरं नव्हतं. साडेचार महिन्यांत माझ्या गालात जे साचलं नाही, ते आता मागच्या तारखेने साचणार नव्हतं.

*

परत निघायच्या आदल्या दिवशी मी अंगणात बाबांशेजारी बसलो.

बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. रात्रीच्या गाड्यांवर तीस वर्षं काढली. तंबाखू-चुना तेव्हापासूनचा. आमच्या घरातली गंमत अशी की आम्ही दोघं एकमेकांपासून लपवायचो. त्यांची डबी टीव्हीच्या मागे, माझी पन्नी गाडीच्या डिक्कीत. आईला दोन्ही जागा माहीत होत्या आणि साफसफाई करताना ती दोन्ही वस्तू उचलून परत तिथेच ठेवायची.

मी बाबांना सांगितलं. डॉक्टर, 27 मिलिमीटर, नऊ वर्षं, साडेचार महिने, गेले आठ दिवस. सलग एवढं मी त्यांच्याशी कधी बोललो होतो मला आठवत नाही. तोंडात काही नव्हतं, त्यामुळे थांबायला कारणही नव्हतं. ते समोर बघत होते.

"दाखव," ते म्हणाले.

मी दोन बोटं घालून दाखवली. तिसरं अडलं.

त्यांनी स्वतःचा हात तोंडाशी नेला. तिन्ही बोटं आरामात आत गेली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू काही चूक त्यांचीच झाली. तीस वर्षं खाऊन त्यांचं तोंड उघडत होतं आणि पोराचं बंद झालं होतं. मी सांगितलं की त्यांनी सुपारी कधी खाल्ली नाही म्हणून. मग फोनचा टॉर्च लावला आणि म्हणालो, ओठ खाली ओढा बरं. जिथे ते तंबाखूची चिमूट ठेवायचे, खालच्या ओठाच्या आत, डावीकडे, तिथे नखाएवढा पांढरा चट्टा होता. घासला तरी न जाणारा.

माझं पुण्याला जाणं चार दिवस पुढे ढकललं. वर्ध्याच्या दवाखान्यात त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत आईने काहीच विचारलं नाही, फक्त दोनदा तोच तांदूळ निवडला. रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही. तंबाखू बंद करा आणि तपासणीला येत राहा, असं सांगितलं.

परतताना बसमध्ये बाबांनी हळूच विचारलं, "दुसऱ्या बाजूने ठेवला तं चालते का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर होते. मग आम्ही दोघंही एवढे हसलो की कंडक्टरने वळून बघितलं.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "बाबा, सुरू कसा केला होता?"

"रात्रीची गाडी असे. मागे सगळे झोपलेले. कंडक्टरही झोपे." थोडा वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. "तंबाखू असला का एकटं नाही वाटत."

मी 58 नोंदींचा तक्ता करून जे शोधलं होतं, ते त्यांना तक्त्याशिवाय माहीत होतं. फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

*

त्या दिवाळीला आता वर्ष होत आलं. त्यानंतर मी खर्रा खाल्लेला नाही. यंदाच्या दिवाळीला काय करायचं ते मी आधीच ठरवलंय. मित्रांना भेटायचं ते घरी, चहावर, ठेल्यावर नाही. त्यातल्या एकाला मी तीन बोटांची परीक्षा व्हिडिओ कॉलवर करायला लावली. त्याचीही अडीचच जातात. तो आता कधी कधी रात्री उशिरा मेसेज करतो. 'भाऊ, दुसरा दिवस आहे, डोकं फुटून राहिलं.' मी लिहितो की उद्या सगळ्यात वाईट असेल, मग उतरेल. कधी त्याचा तिसरा दिवस येतो, कधी नाही येत. नाही आला तर मी 'परत सोमवारी' एवढंच लिहितो. 'तू तसलाच आहेस' हे वाक्य त्याच्याकडे आधीच आहे, ते मी वेगळं द्यायची गरज नाही.

माझ्या गालात काही महिने इंजेक्शनं घेतली. ती दुखतात. आणि रोज दोनदा एक व्यायाम करतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तसतशी मधे एकेक काडी सरकवत जायची. एक काडी म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. सुरुवात तेरावर झाली होती. चौदावी बसायला पाच आठवडे लागले. दाढ अखेर काढली. ठेचा अजून जमत नाही. पूर्वीचं तोंड परत येणार नाही हे मी आता मान्य केलंय आणि दर सहा महिन्यांनी तपासणीला जाताना आदल्या रात्री मला झोप लागत नाही, हेही.

बाबांनी तंबाखू सोडलेला नाही. दिवसाला दहा-बारा वेळा व्हायचा तो आता दोन-तीनवर आलाय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते पेन्सिलने रोज आकडा लिहितात. डॉक्टरांच्या हिशेबात हे पुरेसं नाही आणि त्यांचं बरोबर आहे. मी दर वेळी सांगतो, भांडतोही. आजकाल आमचं भांडण होतं ही माझ्यासाठी नवीन गोष्ट आहे.

काल रात्री फोन आला. मी नुकत्याच काड्या काढून ठेवल्या होत्या, जबडा दुखत होता.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"माह्या दोन झाल्या आज," ते म्हणाले. "दुसरा सांच्याला खाल्ला. लाइट गेली होती, आई देवळात गेली होती."

मग ते लाइटबद्दल बोलले, शेजारच्यांच्या सोयाबीनबद्दल बोलले, डेपोतल्या एका जुन्या मित्राबद्दल बोलले ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मधे दोघंही गप्प झालो. कोणीच घाईने फोन ठेवला नाही. ठेवला तेव्हा स्क्रीनवर 35 मिनिटं दिसत होती.